घरीं राहून शिकणारी परिचारिका

गेल्या नाताळच्या सुट्टींत, रविवारची उपासना आटोपून आम्ही देवळाबाहेर पडत होतों, तोंच आमच्या मंडळींतील एक बाई मोबाईल हातांत धरून आमच्यापुढें उभ्या राहिल्या. त्यांची कन्या याच शाळेची विद्यार्थिनी. शालान्त परीक्षेनंतर मिशनच्या एका इस्पितळांत परिचर्येचें शिक्षण घेऊन, पुढें तेथील परीक्षा देऊन ती अमेरिकेस गेली, व एका खेडवळ भागांतील इस्पितळांत आज आठ वर्षें नोकरी करीत आहे. तिनें आईस कळविलें होतें कीं, ती आतां 'नर्स प्रॅक्टिशनर' होण्याचा अभ्यास करीत असून त्यासाठीं तिला नोकरी किंवा घर सोडावें लागलेलें नाहीं. विद्यापीठ सहाशें मैलांवर असलें तरी शिक्षण घरींच चालतें. "मास्तर," त्या बाई म्हणाल्या, "माणसाच्या जिवाचें हें काम. तें घरीं बसून शिकतां येतें काय? पोरीला कोणी फसवीत तर नसेल ना?"

हा प्रश्न ऐकून आम्ही खजील झालों. त्याचें कारण सांगितलें पाहिजे. सुमारें पंधरा वर्षांपूर्वीं आमच्याच मंडळींतील एक परिचारिका असाच प्रश्न घेऊन आमच्याकडे आली होती. तिनें परिचर्येचा डिप्लोमा घेतलेला होता; घरीं दोन लहान मुलें व अंथरुणास खिळलेली सासू. इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाकडून नोंदणी झालेल्या परिचारिकांस नोकरी सांभाळून बी. एस्सी. नर्सिंगची पदवी घेतां येत होती. तेथें नांव घालावें कीं नाहीं, एवढेंच तिला विचारावयाचें होतें. आम्हीं मोठ्या अधिकारानें उत्तर दिलें कीं, टपालानें आलेली पदवी ती पदवीच नव्हे. वास्तविक आम्हांस त्या अभ्यासक्रमाची कांहींएक माहिती नव्हती. आम्ही स्वतः वसतिगृहांत राहून कॉलेजांत शिकलों. तेव्हां शिक्षण म्हणजे बाक, फळा आणि घंटा, यापलीकडे आमची कल्पना जात नसे. त्या बिचारीनें आमचा शब्द मानला. तिच्या बरोबरीच्या दोघीजणी ती पदवी घेऊन पुढें पाठ्यनिर्देशिका झाल्या. ती आजहि त्याच वॉर्डांत रात्रपाळी करीत आहे. भेटली म्हणजे सलाम करते, आणि तो सलाम आम्हांस टोंचतो.

म्हणून या खेपेस तोंडाला येईल तें उत्तर न देतां, आम्हीं त्या बाईंजवळ मुदत मागून घेतली व या विषयाचा जमेल तितका शोध केला. आमच्या विद्यार्थिनींपैकीं पुष्कळजणी परिचर्येच्या वाटेनें जातात, आणि त्यांच्या आईबापांपुढें हा प्रश्न आज ना उद्यां येणारच. म्हणून जें समजलें तें येथें लिहीत आहों.

प्रथम हें पद काय आहे तें पाहूं. परिचारिका डॉक्टरांच्या आज्ञेप्रमाणें औषध देते, रोग्याची शुश्रूषा करते, हें आपण सर्व जाणतों. अमेरिकेंतील नर्स प्रॅक्टिशनर ही त्यापुढची पायरी होय. ती पूर्वीं नोंदणीकृत परिचारिका असतेच. त्यावर पदव्युत्तर शिक्षण घेऊन ती रोग्यास स्वतः तपासते, निदान करते, रक्ताच्या व इतर तपासण्या सांगते व औषध लिहून देते. या पदाचा जन्म १९६५ सालीं कोलोरॅडो विद्यापीठांत झाला. लॉरेटा फोर्ड या सार्वजनिक आरोग्याच्या परिचारिका व हेन्री सिल्व्हर हे बालरोगांचे डॉक्टर, या दोघांनीं मिळून परिचारिकांस मुलांची तपासणी व साध्या आजारांचे उपचार शिकविण्याचा वर्ग काढला. फोर्डबाईंनीं खेड्यापाड्यांतून काम केलेलें होतें, आणि जेथें डॉक्टर नाहीं तेथें परिचारिकेस कोणकोणते निर्णय एकटीनें घ्यावे लागतात तें त्यांस अनुभवानें माहीत होतें. मौज अशी कीं, त्यांस विरोध झाला तो केवळ डॉक्टरांकडून नव्हे. परिचर्या शिकविणाऱ्या त्यांच्या सहकारिणीहि रागावल्या, कीं ही बाई आपलें शास्त्र सोडून डॉक्टरांची नक्कल करूं पाहते. फोर्डबाई १०४ वर्षांचें आयुष्य भोगून २०२५ च्या जानेवारींत निवर्तल्या. त्या वेळेपर्यंत त्यांनीं लाविलेल्या या रोपाची वाढ तीन लाखांहून अधिक नर्स प्रॅक्टिशनरांपर्यंत झाली होती.

येथें एक गोष्ट ध्यानांत ठेवावी. या परिचारिकांचा अधिकार सर्व अमेरिकेंत एकसारखा नाहीं. प्रत्येक राज्याचा कायदा निराळा. ऑरेगॉन किंवा ॲरिझोना येथें नर्स प्रॅक्टिशनर स्वतंत्रपणें दवाखाना चालवूं शकते. टेक्ससमध्यें औषध लिहून देण्यासाठीं तिला डॉक्टरांशीं लेखी करार करावा लागतो. नदीच्या अलीकडे जें काम कायदेशीर, तें पलीकडे गुन्हा, असा प्रकार कित्येक ठिकाणीं घडतो. तेव्हां शिकण्यापूर्वीं आपण कोठें काम करणार, हें ठरविणें भाग पडतें.

आतां दूरशिक्षणाची हकीकत. ती सांगावयाची म्हणजे केंटकी राज्यांतील डोंगराळ मुलखांत व शंभर वर्षें मागें गेलें पाहिजे.

मेरी ब्रेकिन्रिज या बाईंचा जन्म १८८१ सालचा. घराणें मोठें, नातलगांत राज्यकारभारी पुरुष. पण त्यांच्या संसारावर दुःखाचे घाले पडले. पहिला पति लग्नानंतर थोड्याच काळांत वारला. दुसऱ्या विवाहापासून झालेली मुलगी १९१६ सालीं जन्मतांच कांहीं तासांत गेली, आणि ब्रेकी नांवाचा मुलगा १९१८ सालीं चार वर्षांचा होऊन गेला. या आघातानंतर त्यांनीं उरलेलें आयुष्य इतरांचीं मुलें वांचविण्यास वाहिलें. पहिल्या महायुद्धानंतर त्या फ्रान्सच्या उद्ध्वस्त प्रदेशांत मदतीच्या कामास गेल्या. युरोपांत त्यांनीं पाहिलें कीं, परिचारिका आणि सुईण हीं दोन्ही कामें एकच शिकलेली स्त्री करूं शकते. अमेरिकेंत त्या काळीं असें शिक्षण नव्हतें. म्हणून वयाच्या चाळिशींत त्या लंडनला जाऊन सुईणपण शिकल्या, आणि १९२४ सालीं स्कॉटलंडच्या डोंगरी भागांत व बेटांवर विखुरलेल्या वस्तीस सरकार वैद्यकीय मदत कशी पोंचवितें तें जाऊन पाहून आल्या.

१९२५ सालीं त्यांनीं केंटकीच्या लेस्ली परगण्यांत आपलें काम सुरू केलें. पुढें त्यास 'फ्रॉंटियर नर्सिंग सर्व्हिस' हें नांव पडलें. रस्ते नव्हते, ओढे व नद्यांचीं पात्रें हीच वाट. तेव्हां परिचारिका घोड्यावर बसून जात. खोगिरामागें दोन्ही बाजूंस लोंबणाऱ्या खुर्जींत औषधें, उकळलेलीं हत्यारें, बाळाचे कपडे असें सर्व सामान भरलेलें असे. हिंवाळ्यांत नदी गोठली तरी प्रसूति कांहीं थांबत नाहीं! १९२८ सालीं हायडन गांवीं छोटें इस्पितळ उघडलें. पण बहुतेक बाळंतपणें घरोघरच होत. पहिल्या एक हजार प्रसूतींची नोंद एका मोठ्या विमा कंपनीच्या गणितज्ञांनीं तपासली, तेव्हां त्यांत गरोदरपणाच्या वा प्रसूतीच्या कारणानें एकहि माता दगावली नव्हती असें आढळलें. ज्या काळीं शहरांतील इस्पितळांतहि बाळंतिणी मरत, त्या काळची ही गोष्ट.

या संस्थेची शाळा निघाली ती अडचणींतून. आरंभीं शिकलेल्या सुइणी ब्रिटनहून येत. १९३९ सालीं दुसरें महायुद्ध पेटतांच त्यांपैकीं पुष्कळजणी मायदेशीं परतल्या. उसन्या माणसांवर चाललेलें काम बंद पडण्याची वेळ आली. तेव्हां त्याच वर्षीं हायडन येथें परिचारिकांस सुईणपण शिकविणारी स्वतःची शाळा निघाली. ब्रेकिन्रिजबाई १९६५ सालीं निवर्तल्या. १९७० च्या सुमारास याच शाळेनें कुटुंबांतील लहानथोर सर्वांची तपासणी करणारी, म्हणजे 'फॅमिली नर्स प्रॅक्टिशनर', तयार करण्याचें शिक्षण सुरू केलें.

परंतु एक कोडें सुटेना. ज्या दुर्गम गांवास अशी परिचारिका हवी, त्या गांवची परिचारिका शिकण्यास हायडनला येऊं शकत नसे. नवरा, मुलें, शेत, म्हातारीं माणसें हीं सर्व सोडून ती दोन वर्षें कशी राहणार? आणि शहरांतून आलेली मुलगी शिकून पुनः शहराकडेच जाई. यावर १९८९ सालीं उपाय निघाला. किटी अर्न्स्ट या अनुभवी परिचारिका-सुईणबाईंच्या पुढाकारानें या शाळेनें व दुसऱ्या तीन संस्थांनीं मिळून असा अभ्यासक्रम रचला कीं, विद्यार्थिनीनें आपल्या गांवींच राहावें, अभ्यास टपाल व दूरध्वनि यांच्या साहाय्यानें करावा, प्रत्यक्ष काम आपल्या परिसरांतील जाणत्या माणसाच्या हाताखालीं शिकावें, आणि शाळेंत यावें तें थोड्या दिवसांपुरतेंच. पुढें टपालाची जागा इंटरनेटनें घेतली. २०११ सालीं शाळेचें नांव 'फ्रॉंटियर नर्सिंग युनिव्हर्सिटी' झालें, आणि आतां तिचें ठाणें केंटकीमधील व्हर्सेल्स गांवीं आहे. (आमच्या इतिहासाच्या विद्यार्थ्यांस हें नांव पाहून तहाची व राजवाड्याची आठवण होईल. स्पेलिंग तेंच; पण केंटकीची मंडळी फ्रेंच उच्चाराची पर्वा करीत नाहींत.) योगायोग असा कीं, आमच्या नाशिकचें यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठहि त्याच १९८९ सालीं स्थापन झालें.

टपालाचें शिक्षण ही कल्पना मात्र त्याहून पुष्कळ जुनी. १८४० च्या सुमारास इंग्लंडांत एका पेनीचें टपाल सुरू झालें, तेव्हां आयझॅक पिटमन यांनीं त्याच टपालानें लघुलेखनाचे धडे पाठवून परत आलेले तपासण्याचा क्रम चालविला. लंडन विद्यापीठानें १८५८ पासून बाहेरच्या विद्यार्थ्यांस पदवी-परीक्षेस बसूं दिलें. आणि आमच्या मंडळींनीं तर या गोष्टीचें नवल मुळींच वाटूं देऊं नये. पौलानें करिंथ येथील व रोम येथील मंडळ्यांस शिकविलें तें पत्रांनींहि. अर्थात् भेटीची उत्कंठाहि त्यानें त्याच पत्रांतून वारंवार लिहिली आहे, हेंहि विसरतां कामा नये. पुढें जें सांगावयाचें आहे त्याचें सार या दोन गोष्टींतच आहे: कांहीं भाग पत्रानें शिकवितां येतो, कांहीं भागास भेट लागतेच.

हें शिक्षण प्रत्यक्ष कसें चालतें याविषयीं आम्हीं त्या विद्यार्थिनीसच लिहून विचारलें. तिचें उत्तर सविस्तर आलें. पहिल्या वर्षीं तीन विषय मुख्य असतात. शरीराचे व्यवहार रोगामुळें कसे बिघडतात तें शास्त्र, म्हणजे पॅथोफिजिऑलॉजी. अंग तपासण्याची विद्या, म्हणजे फिजिकल असेसमेंट. आणि औषधांचें शास्त्र, म्हणजे फार्मॅकॉलॉजी. इंग्रजी आद्याक्षरांवरून त्यांस 'तीन पी' म्हणतात. यांतील पहिला व तिसरा हे वाचून, ऐकून, लिहून शिकतां येतात. प्राध्यापकांचीं व्याख्यानें ध्वनिचित्रित करून ठेवलेलीं असतात. रात्रपाळीहून आलेली मुलगी तीं पहांटे ऐको कीं दुपारीं. पण आठवड्याच्या अखेरीस तिला एका रोग्याची हकीकत वाचून आपलें निदान कारणांसह लिहावें लागतें, व सोबतिणींच्या उत्तरांतील चुका दाखवाव्या लागतात. परीक्षा घरींच, परंतु संगणकावरील कॅमेऱ्यापुढें. आधीं ओळखपत्र दाखवावयाचें, मग कॅमेरा फिरवून सारी खोली, टेबलाखालची जागासुद्धां दाखवावयाची. "गुरुजी," ती लिहिते, "तुमच्या परीक्षेंत मी एकदां खिडकीबाहेर पाहिलें तर तुम्ही नुसते खांकरलां होतां. येथें नजर दोनदां बाजूस गेली तर खुलासा लिहून द्यावा लागतो."

दुसरा विषय अवघड. छातीवर बोटें आपटून येणारा पोकळ आवाज कोणता व भरीव कोणता, हें पुस्तकांतून कसें कळणार? यासाठीं त्यांनीं युक्ति काढली आहे. विद्यार्थिनीनें घरांतील एखादें माणूस पलंगावर निजवून त्यास डोक्यापासून पायांपर्यंत तपासावें, त्याचें चलच्चित्र घ्यावें व तें अध्यापिकेस पाठवावें. आमच्या विद्यार्थिनीनें नवऱ्यास तपासलें. पहिलें चित्र नापास झालें. कारण स्टेथॉस्कोप सदऱ्यावरून लाविलेला होता, आणि पोटावर हात दाबण्यापूर्वीं कान देऊन आंतड्यांचा आवाज ऐकावयाचा राहून गेला होता. चार वेळां तिनें तें चित्र घेतलें. नवऱ्यास आतां आपलें पोट कोठें दाबलें जाणार तें पाठ झालें आहे. यानंतर तिला विद्यापीठांत कांहीं दिवस राहून अध्यापिकांपुढें हेंच सर्व करून दाखवावें लागलें, आणि जखम शिवण्यासारखीं हस्तकौशल्यें तेथें हात धरून शिकविलीं गेलीं. अशा मुक्कामावांचून शिक्षण पुरें करणाऱ्याहि संस्था आहेत; आमचें मत विचाराल तर आम्ही त्यांजकडे आमची मुलगी पाठविणार नाहीं.

तरी खरी शाळा याच्याहि पुढें आहे. नर्स प्रॅक्टिशनरच्या शिक्षणाविषयीं तेथील संस्थांनीं मिळून जे नियम ठरविले आहेत त्यांत, प्रत्यक्ष रोगी तपासण्याचे तास पूर्वीं निदान ५०० असावेत असें होतें. २०२२ सालीं ते ७५० करण्यात आले. आमच्या गणिताच्या विद्यार्थ्यांनीं हिशेब करावा: दिवसास आठ तास धरले तर सुमारें ९४ दिवस; आणि नोकरी सांभाळून आठवड्यांतून दोनच दिवस जातां आलें, तर पुरे ४७ आठवडे. हे तास घरीं बसून भरत नाहींत. विद्यार्थिनीच्या परिसरांतील एखादा डॉक्टर किंवा जुनी नर्स प्रॅक्टिशनर तिला आपल्या दवाखान्यांत घेतात. अशा माणसास प्रिसेप्टर म्हणतात. आमच्याकडे सनद मिळालेला तरुण वकील ज्याप्रमाणें जुन्या वकिलाच्या हाताखालीं बसतो, तसाच हा प्रकार. ती आधीं रोग्यास तपासते, बाहेर येऊन प्रिसेप्टरास थोडक्यांत सांगते, आपलें निदान व योजना मांडते. मग तो स्वतः आंत जाऊन पाहतो. प्रत्येक रोग्याची नोंद, नांव वगळून, विद्यापीठाकडे जाते. अध्यापिका मधून मधून पाहणी करते.

दूरशिक्षणाची सर्वांत मोठी अडचण येथेंच आहे, आणि जाहिरातींत ती कोणी ठळक छापीत नाहीं. पुष्कळ विद्यापीठें प्रिसेप्टर शोधण्याचें काम विद्यार्थिनीवरच टाकतात. खेड्यांत दवाखानेच दोन-तीन. त्यांतील डॉक्टरांस वेळ नाहीं. कांहीं ठिकाणीं शिकविण्याचे पैसे मागतात. आमच्या विद्यार्थिनीनें सत्तावीस ठिकाणीं विचारणा केली. बहुतेकांनीं उत्तरच दिलें नाहीं. एका दवाखान्यानें होकार देऊन, काम सुरू होण्यास नऊ दिवस असतां तो परत घेतला, व तिचें एक सत्र वायां गेलें. त्या सत्राच्या काळांत तिनें आईस कांहींच कळविलें नाहीं. आईला वाटलें पोरगी आजारी आहे. अखेर तिच्या गांवापासून चाळीस मैलांवर एका वृद्ध नर्स प्रॅक्टिशनरबाईंनीं तिला घेतलें. ती आठवड्यांतून दोन दिवस पहांटे पांचला मोटार घेऊन निघते. तेव्हां 'घरीं राहून शिक्षण' हे शब्द किती शब्दशः घ्यावयाचे तें वाचकांनीं पाहावें. सोय झाली ती घर न मोडतां शिकण्याची. कष्ट कमी झाले नाहींत, उलट नोकरीचे कष्ट वर राहिलेच.

आतां त्या मातेच्या भीतीकडे वळूं: फसवणूक. ही भीति निराधार नाहीं. २०२३ च्या जानेवारींत अमेरिकेच्या सरकारनें जाहीर केलें कीं, फ्लॉरिडा राज्यांतील तीन परिचर्या-शाळांच्या नांवें ७,६०० हून अधिक खोटीं प्रमाणपत्रें विकलीं गेलीं होतीं. पंचवीस जणांवर खटले भरण्यात आले. हीं प्रमाणपत्रें साध्या परिचारिकेच्या परीक्षेस बसण्यासाठीं घेतलेलीं होतीं, आणि घेणाऱ्यांपैकीं सुमारें २,४०० जण परीक्षा उत्तीर्णहि झाले होते! हें वाचून आम्ही कांहीं वेळ सुन्न झालों. पण पाहा: त्या शाळांस इमारती होत्या, पाट्या होत्या. दगडविटांवरून शाळेचा खरेपणा ठरत नाहीं, तसा तो इंटरनेटवरूनहि ठरत नाहीं. खरेपणा ठरविणारे दुसरेच आहेत. त्या देशांत परिचर्येच्या पदवी-शिक्षणाची तपासणी करून मान्यता देणाऱ्या मंडळांत दोन प्रमुख आहेत; 'कमिशन ऑन कॉलेजिएट नर्सिंग एज्युकेशन' व 'अक्रेडिटेशन कमिशन फॉर एज्युकेशन इन नर्सिंग'. मान्यतेवांचून घेतलेल्या पदवीवर पुढची राष्ट्रीय परीक्षा देतां येत नाहीं, व त्या परीक्षेवांचून बहुतेक राज्यांत परवाना नाहीं. शिवाय, दूरशिक्षण देणाऱ्या विद्यापीठास विद्यार्थिनीच्या राज्यांत शिकविण्याची मुभा असावी लागते. नाहीं तर दोन वर्षांनीं कळावयाचें कीं आपल्या राज्याचें परिचर्या-मंडळ ही पदवी मानीतच नाहीं. आणि प्रिसेप्टर कोण शोधणार, हें प्रवेशापूर्वींच लेखी विचारून घ्यावें. आमच्या विद्यार्थिनीनें पहिल्या दोन गोष्टी पाहिल्या होत्या. तिसरी विचारण्याचें राहिलें, त्याचा परिणाम वर सांगितलाच आहे.

येथील परिचारिकांच्या मनांत साहजिकच येईल कीं, आपणहि पुण्यास किंवा अहिल्यानगरास बसून अमेरिकेचा हा अभ्यास करावा. तसें सहसा होत नाहीं. त्या विद्यापीठांस विद्यार्थिनीजवळ अमेरिकेंतील परिचारिकेचा परवाना आधींपासून लागतो, आणि ७५० तासहि तेथील दवाखान्यांतच भरावे लागतात. परवान्यासाठीं एनक्लेक्स ही परीक्षा, प्रमाणपत्रांची छाननी, इंग्रजीची कसोटी व व्हिसा हीं सर्व द्वारें एकामागून एक उघडावीं लागतात. त्यासाठीं दलालांच्या हातीं पैसे देण्यापूर्वीं कोणी तरी जाणत्याचा सल्ला घ्यावा. (आमचा नव्हे, आमच्या सल्ल्याची किंमत वर सांगून चुकलों आहों.) भारतांत नर्स प्रॅक्टिशनर हें पद अद्याप बाल्यावस्थेंत आहे. अतिदक्षता विभागांसाठीं दोन वर्षांचा पदव्युत्तर अभ्यासक्रम भारतीय परिचर्या परिषदेनें आखला; परंतु तो इस्पितळांत राहून, काम करीत शिकावयाचा आहे, दुरून नव्हे. सुइणींच्या बाबतींत केंद्र सरकारनें २०१८ सालीं मार्गदर्शक तत्त्वें प्रसिद्ध करून, नोंदणीकृत परिचारिकांस अठरा महिन्यांचें विशेष शिक्षण देण्याची योजना मांडली. ब्रेकिन्रिजबाईंनीं शंभर वर्षांपूर्वीं जें पाहिलें तेंच यांत आहे, असें आम्हांस वाटतें.

शोध करतांना एक जुनी आठवण वारंवार मनांत येई. आनंदीबाई जोशी १८८३ सालीं वैद्यकी शिकण्यासाठीं समुद्र ओलांडून अमेरिकेस गेल्या. १८८६ सालीं फिलाडेल्फिया येथें पदवी घेतली. पण तेथील थंडी, परकें अन्न व एकटेपण यांनीं शरीर पोखरलें, आणि स्वदेशीं परतल्यावर १८८७ च्या फेब्रुवारींत, एकविसाव्या वर्षीं, त्यांचा अंत झाला. एका मराठी स्त्रीस शिकण्याची किंमत त्या काळीं एवढी पडली. आमच्या विद्यार्थिनीनें देश सोडला हें खरें. परंतु दुसऱ्यांदा शिकतांना तिला आपलें घर सोडावें लागलें नाहीं, याचें मोल आम्हांस आनंदीबाईंच्या आठवणीनें अधिक कळलें.

मार्चच्या अखेरीस आम्ही त्या बाईंच्या घरीं गेलों व हें सर्व त्यांस सांगितलें. त्यांनीं शांतपणें ऐकलें. मान्यता, परवाना, राज्याचे कायदे यांत त्यांचें लक्ष फारसें नव्हतें. त्यांनीं विचारलें तें एवढेंच, कीं ती चाळीस मैलांची वाट बर्फाची आहे काय. आम्हीं सांगितलें, हिंवाळ्यांत आहे. मग त्यांनीं मुलीस दूरध्वनि लाविला, आणि आमच्यासमोरच तिला बजाविलें कीं, बर्फाच्या दिवशीं निघण्यापूर्वीं व पोंचल्यावर असे दोन निरोप आलेच पाहिजेत. मग येथें कितीहि वाजलेले असोत.

त्यानंतर आम्ही आमच्या मंडळींतील त्या दुसऱ्या परिचारिकेकडेहि गेलों. पंधरा वर्षांपूर्वींचा आमचा सल्ला चुकीचा होता, व तो कांहीं न पाहतां दिलेला होता, असें तिला तिच्या नवऱ्यासमोर सांगितलें. ती हंसली व चहा ठेवावयास उठली. चहा पितांना तिनें सहज विचारलें, नांव घालण्यास वयाची मर्यादा असते काय. आम्हीं या वेळीं उत्तर दिलें नाहीं. विद्यापीठाचें चालू वर्षाचें माहितीपत्रक मागवून दोघांनीं मिळून वाचावयाचें ठरविलें आहे.

हा लेख छापखान्यांत जातांना अमेरिकेहून आलेल्या निरोपांत आमच्या विद्यार्थिनीचे २१२ तास भरले होते. ५३८ बाकी आहेत.